उलट्यांचे दिवस, बाळाची माया आणि बाळंतिणीचं मन : पहिलटकरणीसाठी पायरी-पायरीने

तिसरा महिना लागला होता. दवाखान्यात मॅडमनी विचारलं, "उलट्या किती होतात?" मी म्हटलं, "खूप." त्यांनी पेन खाली ठेवलं. "खूप म्हणजे किती? खूप तर सगळ्याच म्हणतात." मला आकडा सांगता येईना. घरी आले आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली पेन्सिलीने रेघा मारायला लागले. एक उलटी, एक रेघ. कोरडा उमासा आला तर टिंब. चार दिवसांनी ते पानच फाडून नेलं. सासूबाई रागावल्या, कारण त्यावर त्या महिन्याची संकष्टी होती. मॅडमनी रेघा मोजल्या आणि त्याच दुपारी मला भरती करून घेतलं.

मी डॉक्टर नाही. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यापर्यंत उशाशी बादली घेऊन झोपलेली बाई आहे. त्यानंतर नात्यातल्या, सोसायटीतल्या कितीतरी पोरी "तुम्हालाही असंच झालं होतं ना?" म्हणत घरी आल्या. सुरुवातीला उलट्यांवर उपाय विचारतात. चहा अर्धा झाला की खरा प्रश्न येतो, तोही आवाज खाली करून: "मला बाळाबद्दल काहीच वाटत नाहीये. असं कसं?"

त्याचं उत्तर आधी देते आणि मग पायऱ्यांकडे वळते. लंडनमध्ये काही डॉक्टरांनी तीव्र उलट्या होणाऱ्या १०६ बायका आणि तसा त्रास नसलेल्या १०८ बायका यांची तुलना केली. ते काम २०२० साली प्रसिद्ध झालं. पहिल्या तिमाहीत उलट्या होणाऱ्यांपैकी ४९ टक्के बायकांत नैराश्याची लक्षणं दिसली, दुसऱ्या गटात ६ टक्के. बाळंतपणानंतर हेच आकडे २९ आणि ७ टक्के होते. पण बाळाशी जडणारी माया पाहिली, तेव्हा उलट्यांचा तिच्याशी थेट संबंध सापडला नाही. माया पातळ दिसली ती जिला नैराश्य होतं तिची. म्हणजे उलट्या आईला बाळापासून तोडत नाहीत. उलट्यांनी मन खचतं, आणि खचलेलं मन तसंच राहू दिलं तर बाळापर्यंत पोचायला जड जातं. मनाच्या या दुखण्यावर उपचार आहेत. म्हणून मनाची चौकशी बाळंतपणानंतर नाही, तिसऱ्या महिन्यातच सुरू करायची.

पहिली पायरी : दोष खांद्यावरून उतरवा

"तिला मूल नकोच होतं, म्हणून एवढं होतंय." हे वाक्य मी स्वतःबद्दल ऐकलंय, भिंतीपलीकडून. बोलणाऱ्या मावशींना ठाऊक नसेल, पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांतले मोठमोठे डॉक्टरही हेच म्हणायचे: अति उलट्या म्हणजे मनाने आतून नाकारलेलं गर्भारपण. अशा बायकांना रुग्णालयात एकटं ठेवायचे, माणसांना भेटू द्यायचे नाहीत.

खरं कारण आता बरंचसं उलगडलंय. जीडीएफ-१५ नावाचा एक संप्रेरक आहे. गरोदरपणात गर्भ आणि वार तो भरपूर तयार करतात. तो आईच्या रक्तातून मेंदूच्या देठापाशी जातो आणि मळमळ उठवतो. केंब्रिजचे स्टीफन ओ'राहिली आणि अमेरिकेतल्या मार्लेना फेझो यांच्या गटाने डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की, ज्या बाईच्या रक्तात दिवस जाण्याआधी हा संप्रेरक कमी असतो, तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला तो जास्त बाधतो. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत तो मुळातच खूप असतो, आणि त्यांना मळमळ फारशी होत नाही. फेझोबाईंनी १९९९ मध्ये याच दुखण्यात स्वतःचं बाळ गमावलं होतं. त्या या प्रश्नामागे का लागल्या ते वेगळं सांगायला नको.

बहुतेक गरोदर बायकांना, १०० पैकी साधारण ७० ते ८० जणींना, मळमळ होते. सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमाराला कळस गाठते आणि सोळा ते वीस आठवड्यांत बहुतेकींची ओसरते. पाणीसुद्धा टिकत नाही असा तीव्र प्रकार १०० पैकी एक ते तिघींना होतो. "आम्हालाही झालं होतं, आम्ही रडत बसलो का?" असं म्हणणाऱ्या काकूंना पहिला प्रकार झालेला असतो. त्या खोटं बोलत नसतात, पण त्यांनी दुसरा प्रकार पाहिलेला नसतो.

आणि उलट्या मोजून मुलगा की मुलगी ते कळत नाही. तो विषय इथेच सोडते, पुढे एकदा परत घ्यावा लागेल.

दुसरी पायरी : मोजा

डॉक्टर मंडळींत 'प्यूक' नावाचं एक मोजमाप आहे. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ ओकणं असाच होतो. कुणाच्या तरी विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी. चोवीस तासांचे तीन प्रश्न आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण.

मळमळ किती वेळ? अजिबात नाही तर १, तासाभरापर्यंत २, दोन-तीन तास ३, चार ते सहा तास ४, त्याहून जास्त ५.

उलट्या किती? एकही नाही १, एक-दोन २, तीन-चार ३, पाच-सहा ४, सात किंवा जास्त ५.

कोरडे उमासे किती? वरच्याच हिशेबाने.

बेरीज ६ पर्यंत आली तर सौम्य, ७ ते १२ मध्यम, १३ किंवा वर तीव्र. कागदावर तीन आकडे लिहायला अर्धा मिनिट लागतो, आणि "खूप" या शब्दाने जे काम होत नाही ते होतं.

सोबत आणखी दोन नोंदी ठेवा. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन. दिवस जाण्याआधी ५० किलो असाल आणि आता ४७.५ भरत असेल, तर पाच टक्के गेलं, ते डॉक्टरला सांगायचंच. दुसरी नोंद लघवीची. कडक चहासारखी गडद, थोडीशी, किंवा आठ तासांत झालीच नाही, तर थांबू नका. लघवीत कीटोन (उपाशी शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी द्रव्यं) नाहीत म्हणून "तुला काही झालेलं नाही" म्हणणारंही कुणी भेटेल. कीटोनवरून उलट्यांची तीव्रता ठरवू नका, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२४ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय.

त्याच चौकोनात एक गोष्ट आणखी लिहा: आज मन कसं होतं, दहापैकी किती. तेव्हा ते वेडेपणाचं वाटतं. पाचव्या पायरीला त्याचा उपयोग होतो.

तिसरी पायरी : खाणं, पाणी, वास

सौम्य त्रासाला यातल्या बऱ्याच गोष्टी उपयोगी पडतात. तीव्र त्रासाला यांनी भागत नाही, म्हणून "आलं खाल्लं तरी थांबत नाही" याचं वाईट वाटून घेऊ नका.

रिकामं पोट जास्त ढवळतं. उठण्याआधी, अंथरुणातच, मूठभर साळीच्या लाह्या, कुरमुरे किंवा खाकऱ्याचा तुकडा. दिवसभर दर दीड-दोन तासांनी थोडं थोडं. पाणी जेवणाबरोबर नको, मधल्या वेळात आणि घोट-घोट. आमसुलाचं सरबत, लिंबूपाणी, नारळपाणी, पेज, यातलं जे टिकेल ते. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात कालवायचं असतं. अर्ध्या पेल्यात अर्धं पाकीट असला अंदाजपंचे कारभार नको. गरम अन्नापेक्षा थंड अन्नाचा वास कमी येतो. मला सहा आठवडे फक्त गार दहीभात चालला.

"दोन जिवांची आहेस, खा" याचा ताण घेऊ नका. बारा आठवड्यांचं बाळ पाच-सहा सेंटिमीटरचं असतं. त्याला पहिल्या तीन महिन्यांत दोन माणसांचं जेवण लागत नाही.

लोहाच्या गोळीने मळमळ वाढते. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमातही लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होते, तोवर फोलिक ॲसिड. आधीच सुरू केली असेल तर डॉक्टरला विचारून थांबवा. उलटी झाल्या झाल्या ब्रश करू नका, आम्लाने मऊ पडलेला दातांचा थर घासला जातो. आधी पाण्याने चूळ भरा, अर्ध्या तासाने ब्रश.

वासाचं मात्र नीट लिहायला हवं, कारण तिथे घरात भांडणं होतात. मोहरी-हिंगाची फोडणी, उकळतं दूध, कुकरचं झाकण उघडताना येणारी भाताची वाफ, नवऱ्याच्या शर्टाचा वास, देवघरातली उदबत्ती. मला सर्वांत वाईट वाटायचं ते सासूबाईंच्या पदराच्या वासाचं. त्या माउलीने माझ्यासाठी सरबत आणलं की मी तोंड फिरवायची. त्यांना वाटायचं, सून तोंड फिरवतेय. शेवटी मी एका चिठ्ठीवर लिहिलं, "आई, मला तुमचा राग नाही, कांद्याचा वास सहन होत नाही," आणि फ्रिजवर लावली. तोंडाने बोलायची सोयच नव्हती. तोंड उघडलं की उमासा. त्यानंतर त्या हात धुऊन, पदर खोचून यायच्या आणि पेला दारापाशी ठेवून जायच्या.

चौथी पायरी : औषधाला घाबरू नका

गरोदरपणात औषध नको, ही भीती हवेतून आलेली नाही. थॅलिडोमाइड हे औषध गरोदर बायकांना मळमळीसाठी दिलं जायचं, त्याने हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. त्याची सावली अजून आहे. पण त्या धसक्याने आज चांगलं औषध नाकारणं वेगळं.

डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, यांची एकत्र गोळी आपल्याकडे सर्रास लिहून देतात. अमेरिकेत हेच मिश्रण १९८३ मध्ये कोर्टकज्ज्यांना कंटाळून कंपनीने बाजारातून काढलं. व्यंगाचा आरोप अभ्यासांत टिकला नाही आणि २०१३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्याला पुन्हा मान्यता दिली. या गोळीने झोप येते, म्हणून बहुधा रात्रीपासून सुरू करतात. ती उलटी सुरू झाल्यावर तेवढ्यापुरती घ्यायची नसते, रोज ठरल्या वेळी घ्यायची असते. बहुतेकजणी इथेच चुकतात आणि "गुण येत नाही" म्हणतात. तिने भागलं नाही तर डॉक्टरकडे पुढची औषधं असतात. प्रत्येकाचं जमाखर्चाचं गणित वेगळं, ते विचारून घ्या. मैत्रिणीची चिठ्ठी वापरू नका.

आता सलाईन. आपल्याकडे "एक ग्लुकोजची बाटली लावा, तरतरी येईल" ही फर्माईश नातेवाईकच करतात. दोन-तीन आठवडे पोटात काही टिकलेलं नसेल तर शरीरातलं थायमिन, म्हणजे ब-१, संपत आलेलं असतं. अशा वेळी थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून भरती झाल्यावर नम्रपणे एवढंच विचारा: "मॅडम, आधी थायमिन दिलंय ना?" चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ, ही त्या इजेची लक्षणं. तेव्हा घड्याळाकडे बघत बसू नये.

चोवीस तास अन्न-पाणी काहीच न टिकणं, उभं राहिल्यावर अंधारी, उलटीत रक्त, ताप, पोटात सतत दुखणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. उलट्या दहा-अकरा आठवड्यांनंतर पहिल्यांदाच सुरू झाल्या तर कारण दुसरंच असू शकतं. आणि सहाव्या-सातव्या महिन्यानंतर उलटीसोबत डोकेदुखी किंवा बरगडीखाली दुखणं आलं तर रक्तदाब लगेच तपासून घ्या.

नोकरी करणारीसाठी थोडक्यात: मातृत्वाची २६ आठवड्यांची रजा पहिल्या दोन मुलांसाठी मिळते, त्यातले ८ आठवडेच बाळंतपणाआधी घेता येतात. त्याखेरीज गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी वैद्यकीय दाखला दिल्यास पगारी एक महिना वेगळा मिळू शकतो. हे मनुष्यबळ विभाग आपणहून सांगेल अशी वाट पाहू नका.

पाचवी पायरी : मनाची तपासणी आत्ताच

ब्रिटनमधल्या पाच हजारांहून अधिक अशा आजारी बायकांनी एका पाहणीत उत्तरं दिली. स्वतःहून भाग घेतलेल्या बायका होत्या, म्हणजे जास्त त्रासलेल्या असणार. त्यांतल्या निम्म्या जणींच्या मनात कधी ना कधी गर्भपाताचा विचार येऊन गेला होता, आणि यांतल्या कितीतरींना मूल हवंहवंसं होतं. "नको आता हे" असं रात्री तीन वाजता बादलीवर वाकून वाटणं आणि बाळ नको असणं यांत फरक आहे.

आता चौकोनातले मनाचे आकडे काढा. सलग दोन आठवडे दहापैकी तीन-चारच्या वर गेलेले नाहीत? उलटी थांबलेल्या तासातही काही बरं वाटत नाही? रडू येतं, किंवा रडूही येत नाही? तर पुढच्या भेटीत उलट्यांसोबत हेही सांगा. एडिंबरा येथे १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, गरोदरपणातही आणि नंतरही. गेल्या सात दिवसांबद्दल विचारते, एकूण ३० गुण. १३ किंवा जास्त आले तर नैराश्य असण्याची शक्यता बरीच, १० ते १२ आले तर दोन आठवड्यांनी परत भरून पाहायची. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला "कधीच नाही" याशिवाय कुठलंही उत्तर आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी डॉक्टरशी बोलायचं.

हे इतक्या आधी का? गोव्यातल्या एका सरकारी रुग्णालयात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० गर्भवतींची पाहणी केली, २००२ साली ती छापून आली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या ७८ टक्के बायकांचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. म्हणजे ते बाळंतपणाने अचानक आणलं नव्हतं, आधीपासून घरात येऊन बसलं होतं. त्याच अभ्यासात गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याचा दबाव ही कारणंही ठळक दिसली. डोहाळजेवणात वाटीखालचा पेढा की बर्फी हा खेळ हसत खेळला जातो, पण काही घरांत त्यानंतर तीन महिने कुणी हसत नाही. अशा घरातली असाल तर हेही डॉक्टरला सांगा. हे तुमच्या आजाराचंच कारण आहे, घरगुती चहाडी नव्हे.

डोहाळजेवणाचंही सांगून टाकते. सातव्या महिन्यात उलट्या चालू असतील तर फुलांचे दागिने, झोपाळा आणि पाच पक्वान्नं हे अंगावर काटा आणणारं असतं. छोटं करा, पुढे ढकला, किंवा नको म्हणा. मोगऱ्याच्या वेणीने उमासे येत असतील तर त्यात तुमचा उद्धटपणा काही नाही.

सहावी पायरी : बाळाशी ओळख, आपल्या गतीने

पोटावर हात ठेवून बाळाशी गप्पा मारा, असं सगळे सांगतात. पोटावर हात ठेवला की माझी पुढची उलटी यायची. मी गप्पा मारल्या नाहीत. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर पाठीच्या कण्याची मण्यांची माळ दिसली, शेजारी नवरा रडला, आणि मला एवढंच वाटलं की हे लवकर संपू दे.

मायेला मुहूर्त नसतो. काहींना ती पहिल्या किंचाळीला जडते, काहींना आठवडे लागतात, आणि उशिरा जडलेली माया कच्ची नसते. जन्मानंतर लगेच बाळाला उघड्या छातीवर घ्या, पहिल्या तासात अंगावर पाजा. पण सिझेरियन झालं, बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर गाडी चुकली असं समजू नका. उघड्या छातीवर घेणं दहाव्या दिवशीही चालतं.

आपल्या बाळंतपणाच्या पद्धतीत एक अडचण आहे. मालिश करणाऱ्या बाई बाळाला न्हाऊ घालतात, आजी धुरी देते, मावशी लंगोट बदलते, आणि आईकडे बाळ येतं ते भुकेने किंचाळत. सगळे तिला विश्रांती मिळावी म्हणूनच करतात. पण बाळ शांत असतानाचे तास सगळे दुसऱ्यांच्या वाट्याला जातात आणि आई उरते ती दूध पाजण्यापुरती. म्हणून एक काम मागून घ्या, सोपं आणि रोजचं. मी संध्याकाळी तळपायांना तेल लावायचं घेतलं. दहा मिनिटं. काही वाटत नव्हतं, तरी लावायचे. सातव्या आठवड्यात एकदा स्वयंपाकघरात आईने लाल मिरचीची फोडणी घातली, ठसका सगळ्या घरात गेला, आणि माझ्या मांडीवरच्या त्या गाठोड्याने सलग तीन शिंका देऊन माझ्याकडे असं पाहिलं, की मी हसायलाच लागले. त्या वासाशी माझं पाच महिने वैर होतं. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी एका बाजूला होतो.

बाळाचा राग येणं हेही घडतं. "हिच्यामुळे माझे एवढे हाल झाले." हा विचार बोलून टाका, नवऱ्याशी, बहिणीशी. बाळंतपणानंतरही एखाद्या वासाने, बादलीच्या आवाजाने ते दिवस अंगावर येतात, घाम फुटतो, झोपेत दचकायला होतं. हे महिनाभर टिकलं तर त्यावरही उपचार असतात.

सातवी पायरी : पहिले पंधरा दिवस

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास निम्म्याहून जास्त बाळंतिणींना उगाच रडू फुटतं, चिडचिड होते. संप्रेरकं एकदम खाली येतात, दूध उतरत असतं, टाके ओढतात. नेमकी पाचवीची रात्र याच सुमारास येते. सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते म्हणून घरातल्या बायका जागतात. श्रद्धा असो नसो, मला ती जागरणाची रीत शहाणपणाची वाटते, एका अटीवर: जागायचं बाकीच्यांनी, बाळंतिणीने झोपायचं. हा रडवेपणा दहा ते चौदा दिवसांत आपोआप निवळतो. त्याला औषध लागत नाही, झोप लागते.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्या बाळाचं वजन बघायला. त्यांच्याजवळ स्वतःचंही बोला.

आठवी पायरी : पंधरा दिवसांनंतरही तसंच असेल तर

सव्वा महिना संपेपर्यंत वाट पाहू नका. बाळ झोपलं तरी झोप न लागणं, डिंकाचा लाडू, अळिवाची खीर कशाचीच चव न लागणं, "मी नसते तर बरं झालं असतं" असं वाटणं, बाळाला काहीतरी होईल या धास्तीने रात्रभर त्याचा श्वास तपासत बसणं, हे नैराश्य किंवा चिंतेचा आजार असू शकतं. बारशाला नटून बसलेल्या, हसून फोटो काढून घेतलेल्या बाईलाही.

प्रसूतितज्ज्ञांना सांगा, सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून मागा, कारण बाळंतपणानंतर दोन्ही बिघडतात आणि मनावर येतात. समुपदेशन हा पहिला उपाय. गोव्यात 'संगात' या संस्थेने शेजारपाजारच्याच बायकांना शिकवून गर्भवतींच्या आणि बाळंतिणींच्या घरी पाठवलं, त्याचाही उपयोग झालेला दिसला. म्हणजे दर वेळी मोठा तज्ज्ञच हवा असं नाही, ऐकून घेणारं शिकलेलं माणूस हवं. औषध लागलं तर दूध बंद करावं लागेल ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. सर्ट्रालीनसारखी औषधं दुधात अगदी नगण्य उतरतात. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

घरच्यांसाठी एक खूण. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती दोन-दोन रात्री झोपत नाही आणि तरी थकत नाही, भलतंच बोलते, आवाज ऐकू येतात म्हणते, बाळ बदललंय किंवा बाळावर कुणाची नजर आहे असा संशय घेते. हजारात एक-दोघींना होणारा हा वेगळा, गंभीर आजार आहे. बाहेरची बाधा नाही. देवऋषी, अंगारा यांत दिवस घालवू नका, तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभागच आहे.

नववी पायरी : दुसऱ्या खेपेचा विचार असेल तर

पहिल्या खेपेला तीव्र त्रास झाला असेल तर परत होण्याची शक्यता बरीच असते. म्हणून दिवस जाण्याआधीच डॉक्टरला भेटा. मळमळ सुरू होताच, उलट्यांची वाट न पाहता, औषध चालू करायचं हे ठरवून घ्या. मागच्या वेळी कोणतं औषध लागू पडलं, किती वजन गेलं, किती बाटल्या लागल्या, नंतर मन कसं होतं, हे एका कागदावर लिहून फाइलला टाचा. थोरल्या मुलाला कोण बघणार, सहा आठवडे स्वयंपाक कोण करणार, हे सणासुदीच्या गप्पांत नव्हे, तारखांसकट ठरवा.

दुसऱ्या खेपेला माझ्या रेघा मारायचं काम थोरलीने मागून घेतलं. तेव्हा तिला दहापर्यंतच मोजता यायचं. एका दुपारी पेन्सिल घेऊन ती माझ्या अंथरुणापाशी आली आणि म्हणाली, "आई, आकडे संपले." नवऱ्याने रिक्षा बोलावली.